जुन्या कैरोतली पायी फेरी : क्रम, वेळ आणि गाइड कसा पारखावा?

पडवी

नोव्हेंबरच्या मध्यात चौदा जणांच्या गटासाठी कैरोच्या जुन्या शहरातली पायी फेरी ठरवायची आहे. हाताशी एक पूर्ण दिवस आणि दुसऱ्या दिवशीची दुपारपर्यंतची वेळ. पिरॅमिड आणि संग्रहालयं यांचे दिवस वेगळे ठेवलेत, ती इथे नकोत.

एजन्सींकडून आलेले आराखडे सगळे एकाच साच्याचे आहेत. सकाळी सलाहुद्दीनचा किल्ला, मग बसने खान अल-खलिली, तिथे 'मोकळा वेळ', जेवण, अल-अझहर आणि परत. अल-मुइझ रस्त्याला मिळून पाऊण तास. नकाशावर पाहिलं तर निम्म्याहून जास्त महत्त्वाच्या वास्तू त्याच रस्त्यावर दिसतात, म्हणजे हे गणित उलटं वाटतंय.

फेरी कुठून सुरू करावी, कोणत्या वास्तूला किती वेळ द्यावा, काय बिनधास्त गाळावं? गटात दोघांना गुडघ्यांचा त्रास आहे आणि दोघं-तिघं फोटोग्राफीवाले आहेत. आणि गाइड निवडताना नेमकं काय विचारायचं? सगळेच 'इतिहासाचे तज्ज्ञ' म्हणून सांगतात.

---

चिरेबंदी

गणित उलटंच आहे. त्याचं कारण इतिहासात नाही, बसच्या पार्किंगमध्ये आहे. मोठ्या बसला सोयीची जागा अल-हुसैन चौकाच्या बाजूला, म्हणजे रस्त्याच्या बरोबर मध्यावर. तिथे उतरलेला गट थोडा उत्तरेकडे जातो, सुलतान कलाऊनच्या वास्तूसमोर फोटो काढतो आणि बाजारात परत येतो. शहराचं तोंड त्याला दिसतच नाही.

सुरुवात उत्तरेच्या वेशीवरून करा, बाब अल-फुतूहपासून, आणि दक्षिणेला बाब झुवैलापर्यंत चालत या. अंतर दीड किलोमीटरच्या आसपास, जवळजवळ सपाट. ९६९ साली फातिमी (शिया खलिफांचं घराणं) सेनापती जौहरने वसवलेलं अल-काहिरा ते हेच. आधी राजवाड्यांचं बंद नगर, सामान्य माणसाला आत मज्जाव. लोकवस्ती दक्षिणेला फुस्तातमध्ये. आज दिसणाऱ्या दगडी वेशी मात्र जौहरच्या नाहीत. त्या वजीर बद्र अल-जमालीने १०८७ ते १०९२ या काळात बांधल्या. गाइडने 'ही ९६९ ची वेस' असं सांगितलं तर तिथेच ओळखा.

बाब अल-फुतूहचे बुरुज गोल आणि शेजारच्या बाब अल-नस्रचे चौकोनी. दोन्ही बाहेरून बघा, म्हणजे तटबंदीच्या बाहेर जाऊन मागे वळा. बाब अल-नस्रवर दगडात कोरलेल्या ढाली आहेत, वर कूफी लिपीतली पट्टी आहे आणि तिच्यात शिया कलमा आजही शाबूत आहे. नंतरच्या सुन्नी राजवटींनी तो खरवडला नाही. नेपोलियनच्या फौजेने बुरुजांना दिलेली फ्रेंच नावंही तिथेच कोरलेली सापडतात. तटाच्या आतला जिना उघडा असेल तर फराओंच्या काळातले चित्रलिपी असलेले दगड भिंतीत आडवे-उलटे बसवलेले दिसतील. तयार दगड उचलून आणायचा हा कैरोतला जुना शिरस्ता, पुढे प्रत्येक इमारतीत भेटेल.

लगेच आत डावीकडे अल-हाकिमची मशीद (बांधकाम ९९० ते १०१३). हिला वीस मिनिटं पुरतात. संगमरवर, झुंबरं, सगळं चकचकीत, कारण १९८० च्या सुमारास दाऊदी बोहरा समाजाने जवळजवळ पडीक अवस्थेतून ती उभी केली. मधल्या शतकांत तिचा तुरुंग, कोठार, संग्रहालय आणि शाळा म्हणून वापर झाला होता. इथे बघण्यासारखं अस्सल म्हणजे दोन मिनार. मूळ मिनार दगडाच्या जाड चौकोनी खोळीत झाकलेले आहेत आणि वरची टोकं १३०३ च्या भूकंपानंतरची. आतला मूळ नक्षीचा मिनार बाहेरून जवळजवळ दिसत नाही, पण ते माहीत असलं की त्या बोजड पायाचा अर्थ लागतो.

आता या रस्त्याची खरी किल्ली सांगतो. रस्ता उत्तर-दक्षिण जातो. कैरोतून किब्ला, म्हणजे नमाजाची मक्केकडची दिशा, आग्नेयेला. म्हणजे मशिदीचा आतला भाग रस्त्याशी तिरका बसायला हवा, पण दर्शनी भिंत रस्त्याला समांतर हवी, नाहीतर शहराची रेघ बिघडते. हा पेच प्रत्येक गवंड्याने कसा सोडवला ते बघत चालणं, हीच ही फेरी. पहिलं उत्तर अल-अकमरमध्ये (११२५). लहानशी मशीद, पण दगडी नक्षीची दर्शनी भिंत असलेली कैरोतली सगळ्यात जुनी. भिंत रस्त्याबरोबर, आतलं अंगण किब्ल्याबरोबर आणि दोन्हींच्या मध्ये पाचरीच्या आकाराची जागा उरलेली. त्या पाचरीत जिना आणि खोल्या बसवल्यात. दारातून आत गेल्यावर डावी-उजवीकडे भिंतीची जाडी बघा, डोळ्यांना फरक कळतो. बाहेरचा डावा कोपरा खालून छाटलेला आहे आणि वर मुकर्नसने (मधाच्या पोळ्यासारख्या थरांच्या नक्षीने) पुन्हा काटकोनात आणलाय, वळणावर लादलेली जनावरं घासू नयेत म्हणून. उजवी बाजू मात्र अलीकडची आहे. ती दुसऱ्या इमारतीमागे गेली होती. डाव्या बाजूवरून बेतून ती पुन्हा उभी केली. नक्षीची धार नीट पाहिली तर जुनं-नवं वेगळं काढता येतं.

अल-अकमरच्या थोडं अलीकडे दर्ब अल-असफर गल्लीत बैत अल-सुहैमी आहे, १६४८ चा वाडा, नंतर वाढवलेला. याला पाऊण तास द्या. मशिदींच्या रांगेत राहण्याचं घर इथे बघायला मिळतं. वाकडी देवडी, म्हणजे दारातून आत थेट नजर जात नाही, मग अंगण, उत्तरेच्या वाऱ्याकडे तोंड केलेला उघडा बसायचा मजला आणि वर मशरबिया, म्हणजे बाहेर आलेल्या लाकडी जाळीच्या खिडक्या.

पुढे रस्ता जिथे फुटतो तिथे मधोमध अब्द अल-रहमान कतखुदाचा सबील-कुत्ताब (१७४४) : खाली वाटसरूंना पाणी, वर मुलांची शाळा. दहा मिनिटं, बाहेरूनच. तीन बाजूंनी रस्ता असल्यामुळे फोटोवाले इथे रेंगाळतील, त्यांना ओढून न्यावं लागेल.

कारण यापुढे बैन अल-कसरैन. नावाप्रमाणे दोन राजवाड्यांमधलं मैदान. राजवाडे केव्हाच गेले, पण त्या मोक्याच्या जागेवर मामलुक (गुलाम सैनिकांतून सत्तेवर आलेल्या) सुलतानांनी आपापल्या वास्तू खांद्याला खांदा लावून उभ्या केल्या. उत्तरेकडून येताना बरकूक (१३८४–८६), अल-नासिर मुहम्मद (१३०४ च्या सुमारास पूर्ण) आणि कलाऊन (१२८४–८५). या तिघांना मिळून किमान सव्वा तास.

कलाऊनची इमारत तेरा महिन्यांत पुरी झाली. मद्रसा, मकबरा आणि मागे मारिस्तान, म्हणजे रुग्णालय. त्याच आवारात आजही डोळ्यांचा दवाखाना आहे. ही इमारत रस्त्याच्या पश्चिमेला आहे, त्यामुळे किब्ल्याची भिंत रस्त्याकडेच येते. गवंड्याने त्याचा पुरेपूर फायदा घेतला : कबरीची खोली रस्त्यालगत, तिला रस्त्यावर उघडणाऱ्या खिडक्या, जाणाऱ्या-येणाऱ्याने दुआ करावी म्हणून. खिडकीच्या कोनाड्यात हात घालून खोली मोजा, मग पुढच्या खिडकीत मोजा. सारखी येत नाही. तीच अल-अकमरवाली पाचर, इथे नुसत्या भिंतीच्या जाडीत जिरवलेली. आत चार खांब आणि चार लाल ग्रॅनाइटचे स्तंभ यांचा अष्टकोन, त्यावर घुमट. घुमट विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे, खालचं काम जुनं.

अल-नासिरच्या दाराशी थांबायला विसरू नका. टोकदार कमानीचं, बारीक खांबांच्या जुडग्याचं संगमरवरी दार, चक्क गॉथिक. १२९१ मध्ये मामलुकांनी क्रुसेडर्सचं अक्का बंदर जिंकलं तेव्हा तिथल्या ख्रिस्ती चर्चचं दार उचलून इथे बसवलं.

---

खडीचढण

वरच्या प्रतिसादाला दुजोरा. मी फक्त व्यवहाराचं लिहितो, कारण फेऱ्या फसतात त्या तिथेच.

बसवाल्याला 'खान अल-खलिली' सांगू नका, 'बाब अल-फुतूह, अल-गलाल रस्ता' सांगा. तो रस्ता उत्तरेच्या तटाबाहेरून जातो, तिथे गटाला उतरवता येतं. बस मग दुसरीकडे थांबते आणि संध्याकाळी दक्षिणेला बोलवायची. मेट्रोने यायचं तर तिसऱ्या मार्गिकेचं बाब अल-शारिया स्टेशन, तिथून पूर्वेला साधारण एक किलोमीटर चाल.

वेळ. नोव्हेंबरच्या मध्यात दुपारची अजान पावणेबाराच्या आसपास होते, असरची (दुपारनंतरच्या नमाजाची) तीनच्या आत आणि सूर्य पाचला मावळतो. उन्हाळ्यात इजिप्त घड्याळ एक तास पुढे करतं (२०२३ पासून पुन्हा सुरू झालंय), त्यामुळे नेटवरच्या जुन्या वेळापत्रकावर विसंबू नका. तिकिटाच्या वास्तू साधारण नऊला उघडतात, संध्याकाळी चार-पाचला बंद होतात आणि शेवटचा प्रवेश त्याहून आधी. म्हणून साडेआठला वेशीवर पोचा, तिकीट न लागणारं सगळं (दोन्ही वेशी, तट, अल-हाकिम) आधी उरका, नऊ-सव्वानऊला सुहैमीच्या दारात. कलाऊनमधून बाहेर पडायला बारा वाजतील. शुक्रवार असेल तर हा क्रम जमणार नाही : साडेअकरा ते दीड नांदत्या मशिदी फक्त नमाजींसाठी आणि बरीच दुकानंही बंद. शुक्रवार टाळताच येत नसेल तर ती वेळ सुहैमी किंवा कलाऊनसारख्या तिकिटाच्या ठिकाणी घालवायची. तीही त्या वेळी उघडी आहेत ना, हे आदल्या दिवशी विचारून घ्या.

तिकीट. अल-मुइझ रस्त्यावरच्या काही वास्तूंचं एकत्र तिकीट मिळतं, मुख्य खिडकी कलाऊनपाशी. तुम्ही उत्तरेकडून येणार, म्हणजे तिकिटाआधी सुहैमी लागतं. त्याच्या दारातच विचारा की एकत्र तिकीट इथे मिळेल का आणि त्यात आज काय काय येतं. यादी बदलते, दुरुस्तीसाठी एखादी वास्तू मध्येच बंद असते. सरकारी खिडक्यांवर आता बऱ्याच ठिकाणी रोख घेतच नाहीत, कार्डच लागतं. चौदा जणांचं एकाच कार्डावर घ्यायचं असेल तर दुसरं कार्ड राखीव ठेवा. उलट बक्षिशीला कार्ड चालत नाही. जोडे सांभाळणारा, दिवा लावणारा, बंद दालनाची किल्ली आणणारा, यांच्यासाठी दहा-वीस पौंडांच्या सुट्या नोटा सकाळीच करून ठेवा. दोनशेच्या नोटेचे सुटे कुणी देत नाही. किल्लीवाल्याने आपणहून 'वर चला, मिनार दाखवतो' म्हटलं तर चढण्याआधी रक्कम ठरवा, उतरल्यावर नाही.

पेहराव : बायकांना डोक्यावर ओढणी, दोघांनाही गुडघे-खांदे झाकलेले. जोडे सतत काढावे लागतात, तर नाड्यांचे बूट नकोत आणि जाड मोजे ठेवा, नोव्हेंबरमध्ये सकाळी संगमरवर गार लागतो. अल-हुसैनच्या मशिदीत बिगर-मुस्लिमांना साधारणपणे सोडत नाहीत. तिथे वाद घालू नका, बाहेरून बघा.

फोटो : मोबाइल आणि हातातला कॅमेरा चालतो, तिपाईला हरकत घेतात. उजेडाचं गणित रस्त्याच्या दिशेवरूनच येतं. बरकूक, अल-नासिर, कलाऊन पश्चिमेच्या बाजूला आहेत, त्यांच्या दर्शनी भिंतींवर सकाळचं ऊन पडतं. अल-अकमर पूर्वेला, तिच्यावर दुपारनंतर. सकाळी ती सावलीतच मिळेल. सावलीत नक्षीचे बारकावे सपाट दिसतात, म्हणून फोटोवाल्यांना दुपारी तीनला दहा मिनिटं एकट्यानं परत पाठवा, सगळ्या गटाला नाही.

गुडघेवाल्यांसाठी : रस्ता सपाट आहे पण फरसबंदी उंच-सखल, आणि जवळजवळ प्रत्येक दारात उंबरठा किंवा चार-पाच पायऱ्या. सुहैमीचे वरचे मजले आणि बाब झुवैलाचे मिनार सोडले तर काही चुकत नाही. बसायला अल-हाकिमचं अंगण उत्तम. दिवसा गाड्यांना बंदी असली तरी मोटारसायकली आणि हातगाड्या चालूच असतात, त्यामुळे चौदा जणांना गाइडचा आवाज पोचत नाही. कानात लावायचे वायरलेस संच एजन्सीकडून मागून घ्या. नाहीतर मागचे सहा जण दिवसभर नुसते चालतात.

---

पडवी

फारच उपयोगी. कलाऊननंतरचं सांगाल का? खान अल-खलिलीत किती वेळ ठेवावा? आणि बाब झुवैलाच्या पुढे किल्ल्यापर्यंत त्याच दिवशी चालत जाणं जमेल का?

---

तवारीख

त्याच दिवशी किल्ला नको. बाब झुवैलाला दिवस संपवा.

खान अल-खलिली १३८२ च्या सुमारास अमीर जहारकस अल-खलिलीने फातिमी खलिफांच्या कबरस्तानावर उभारला, हाडं उकरून गावाबाहेर टाकली. आज जुनं असं उरलंय ते मुख्यतः सुलतान अल-घुरीच्या काळातले दगडी दरवाजे. ते बघायला वीस मिनिटं. खरेदी ज्याला करायची त्याने फेरी संपल्यावर करावी. एजन्सीच्या आराखड्यातला 'मोकळा वेळ' बहुधा ठरलेल्या दुकानात जातो आणि तिथल्या विक्रीवर गाइडला वाटा असतो. गाइडचा दिवसाचा दर संशयास्पद स्वस्त असेल तर भरपाई तिथूनच होते.

खानमधून दक्षिणेला आलात की रुंद अल-अझहर रस्ता आडवा येतो. विसाव्या शतकात जुनं शहर चिरून काढलेला. वरून ओलांडायच्या भानगडीत पडू नका, भुयारी वाट आहे. पलीकडे डावीकडे अल-अझहर (९७०–७२), अर्धा तास. इथे एक सांगून ठेवतो, 'जगातलं सर्वांत जुनं विद्यापीठ' हे वाक्य हमखास ऐकायला मिळेल. पण मोरोक्कोतल्या फेझच्या करावियीन विद्यापीठाची स्थापना त्याआधीची, ८५९ ची मानतात. अल-अझहरच्या अंगणात मात्र बांधकामांचे थर मस्त दिसतात : फातिमी कमानी, मामलुक मिनार, त्यात अल-घुरीचा दोन शेंड्यांचा, आणि कतखुदाने अठराव्या शतकात वाढवलेला भाग.

रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला अल-घुरीची जोडवास्तू (१५०३–०५). एका बाजूला मशीद-मद्रसा, समोर मकबरा, मधून रस्ता आणि वर लाकडी छत. सुलतान स्वतः इथे पुरलेला नाही. १५१६ मध्ये सीरियातल्या मर्ज दाबिकला उस्मानी (ऑटोमन तुर्की) फौजेशी लढताना तो पडला आणि प्रेत सापडलंच नाही. थोडं पलीकडे त्याचीच वकाला आहे : चौक, खाली माल, वर व्यापाऱ्यांच्या खोल्या. ही चुकवू नका.

मग अल-मुअय्यद शेखची मशीद (१४१५–२०) आणि बाब झुवैला. ही दोन एकत्रच समजतात. मुअय्यद सुलतान होण्याआधी इथल्याच तुरुंगात खितपत होता. सुटलो तर इथे मशीद बांधीन असा नवस त्याने केला आणि फेडला. जागा अशी मिळाली की मिनार थेट शहराच्या वेशीच्या बुरुजांवर चढवले. मशिदीचं मुख्य दार निरखून पाहा, कांस्याने मढवलेलं. ते सुलतान हसनच्या मशिदीतून आणलंय. दुसऱ्या दिवशी तिथे गेलात की हे आठवा.

वेशीवर लटकवलेली मुंडकी वगैरे गोष्टी गाइड रंगवून सांगतील, त्या बऱ्याचशा खऱ्या आहेत. शेवटचा मामलुक सुलतान तुमान बे याला १५१७ मध्ये इथेच फाशी दिलं.

वेशीच्या बाहेर, समोर चौकात, सालिह तलाईची मशीद (११६०). हिला लोक ओलांडून जातात आणि मोठी गंमत हुकते. ही मशीद मुळात दुकानांच्या रांगेवर, उंचावर बांधलेली. खाली दुकानं, त्यांच्या भाड्यावर मशिदीचा खर्च. आज ती दुकानं रस्त्याच्या पातळीखाली, खंदकासारख्या खड्ड्यात दिसतात. मशीद खचलेली नाही. साडेआठशे वर्षांत रस्ता वर आलाय : पडकी घरं, राडारोडा, फरसबंदीवर फरसबंदी. कठड्यावरून खाली वाकून बघा आणि मग वेशीच्या कमानीकडे मान वळवा. बाब झुवैला आज दिसते त्याहून बरीच उंच होती.

त्याच्या पुढचा छप्पर असलेला बाजार म्हणजे खय्यामिया, तंबूवाल्यांचा. सतराव्या शतकात रिदवान बेने बांधलेला. तंबूच्या कनातींवर कापडाचे तुकडे शिवून नक्षी करतात ते काम. हाताने शिवलेलं आणि छापील यातला फरक उलटून बघितल्यावर कळतो : खऱ्या कामात मागे टाके आणि अस्तराचं जाड कापड, छापील कापडाची मागची बाजू नुसती फिकी. भाव करताना आधी उलटा करा.

---

चिरेबंदी

दुसऱ्या सकाळचं मी पुरं करतो.

क्रम असा : किल्ला नाही, आधी सुलतान हसन. साडेआठ-नऊला पोचा. शेजारच्या अल-रिफाईचं आणि हिचं तिकीट एकच. सुलतान हसन (१३५६–६३) ही एकच वास्तू बघायला कैरोला यावं अशी आहे, दीड तास ठेवा. लांबी दीडशे मीटर, प्रवेशद्वार सदतीस-अडतीस मीटर उंच. प्लेगच्या साथीत वारस न ठेवता मेलेल्यांची मालमत्ता सरकारजमा झाली, ती इथे ओतली गेली असं मानतात. दार बाजूच्या भिंतीशी थोडं वळवून बसवलंय. कारण किल्ल्याकडून येणाऱ्याच्या नजरेत ते भरावं. आत गेल्यावर अंधारी, वळणं घेणारी बोळ, आणि तिच्या टोकाला अचानक उघडं अंगण आणि चार बाजूंना चार प्रचंड इवान, म्हणजे अंगणाकडे उघडी कमानीची दालनं. गाइडला आधीच बजावा, बोळीत बोलायचं नाही. काय असेल ते अंगणात सांग. चार कोपऱ्यांत चार सुन्नी पंथांच्या चार शाळा, त्यांचे दरवाजे अंगणातच आहेत. मुख्य इवानात गिलाव्यात कोरलेली कूफी पट्टी मान वर करून सलग वाचत जावी अशी, अक्षरांच्या मागे वेलबुट्टी.

मिहराबाच्या (किब्ला दाखवणाऱ्या कोनाड्याच्या) मागे कबरीची खोली. म्हणजे नमाज पढणाऱ्याच्या पुढ्यातच थडगं, आणि खोली किल्ल्याच्या दिशेला बाहेर आलेली. सुलतान हसनचं प्रेत मात्र त्यात नाही, १३६१ मध्ये तो मारला गेला. त्याच सुमारास दारावरचा एक मिनार कोसळून सुमारे तीनशे माणसं मेली, त्यात शाळेतली मुलं पुष्कळ. आणि इमारत इतकी भक्कम व किल्ल्याच्या इतकी समोर, की बंडखोर तिच्या छतावरून किल्ल्यावर मारा करायचे. सुलतान बरकूकने कंटाळून वर जायचे जिने तोडून टाकले.

अल-रिफाई (१८६९–१९१२) दिसते जुनी, आहे नवी. पंधरा मिनिटं. इजिप्तचा राजा फारूक आणि इराणचा शेवटचा शहा यांच्या कबरी आत आहेत.

यानंतर दोनच पर्याय, किल्ला किंवा इब्न तुलून. दोन्ही करायला गेलात तर दोन्ही धावत. मी इब्न तुलूनच्या बाजूने आहे. किल्ल्याची बांधणी सलाहुद्दीनने ११७६ मध्ये सुरू केली हे खरं, पण शहरभर दिसणारी ती घुमटांची आकृती एकोणिसाव्या शतकातल्या मुहम्मद अलीच्या उस्मानी धाटणीच्या मशिदीची आहे. किल्ल्यावर चढण आणि ऊनही बरंच. वरून शहर दिसतं, हवा स्वच्छ असेल तर.

इब्न तुलून (८७६–८७९) सुलतान हसनपासून सलीबा रस्त्याने एक किलोमीटरच्या आत. अल-काहिरा वसण्याआधीची, जुन्या नगराची उरलेली एकमेव मोठी वास्तू. भाजलेल्या विटा, वर चुन्याचा गिलावा, दगडी स्तंभांऐवजी विटांचे जाड खांब. सुमारे ९२ मीटरचं चौरस अंगण. मशिदीभोवती तीन बाजूंनी रिकामा पट्टा सोडलाय, बाजाराचा गोंगाट आत येऊ नये म्हणून. बाहेरून गोल जिना असलेला मिनार दगडाचा आहे, मशीद विटांची. त्यामुळे मिनार सध्याच्या रूपात १२९६ च्या दुरुस्तीतला असावा असं बहुतेक अभ्यासक मानतात. गुडघेवाल्यांनी चढू नये, कठडा बेताचाच आहे. लागूनच गेयर-अँडरसन संग्रहालय, दोन जुनी घरं जोडलेली. सुहैमी पाहिलं असेल तर गाळलं तरी चालेल.

दोन्ही दिवस भिंतींचा खालचा दीड-दोन मीटर भाग बघत राहा. पांढरी पावडर, पापुद्रे, सुटलेले दगड. गळक्या जलवाहिन्या आणि मलवाहिन्यांमुळे भूजल वर आलंय, चुनखडीचा दगड ते शोषतो. पाणी उडून जातं, मीठ दगडात साचून त्याला आतून फोडतं. वरून सिमेंटचा गिलावा केला की ओल आणखी उंच चढते. म्हणूनच चांगल्या दुरुस्तीत चुनाच वापरतात.

---

खडीचढण

गाइडचं राहिलं. इजिप्तमध्ये परवान्याशिवाय गाइडचं काम करता येत नाही, ओळखपत्र असतं, ते मागायला संकोच नको. पण परवाना बहुतेकांकडे असतोच, त्यातले बरेचसे फराओवाले. तेव्हा आधी लिहून प्रश्न पाठवा. अल-अकमरची दर्शनी भिंत आतल्या भागाशी तिरकी का? मुअय्यदच्या मशिदीचं दार मूळचं कुठलं? सालिह तलाईची दुकानं खाली का गेली? दोन बरोबर आली तरी घ्या. 'तिथे पोचल्यावर सांगतो' असं आलं तर दुसरा बघा. आणि ठरलेल्या वास्तूंची यादी, प्रत्येकीची मिनिटं आणि 'दुकानात थांबणार नाही' एवढं मेसेजमध्ये लिहून घ्या.

वास्तू ओळखायला एक सोय आहे. एकोणिसाव्या शतकात नेमलेल्या जतन समितीच्या काळापासून नोंद झालेल्या प्रत्येक स्मारकाला क्रमांक आहे, बऱ्याच ठिकाणी दाराजवळ छोटी हिरवी पाटी असते. बाब अल-फुतूह ६, बाब अल-नस्र ७, अल-हाकिम १५, अल-अकमर ३३, कलाऊन ४३, अल-नासिर ४४, सालिह तलाई ११६, सुलतान हसन १३३, बरकूक १८७, बाब झुवैला १९९, इब्न तुलून २२०, सुहैमी ३३९. क्रमांक ना कालक्रमाने आहेत ना रस्त्याच्या क्रमाने, पण नावांचं इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक नकाशात वेगळं असताना क्रमांक चुकत नाही. आराखड्यात नावापुढे तेच लिहून द्या.

अवांतर : इब्न तुलूनपासून सय्यदा झैनब मेट्रो स्टेशन चालत वीस मिनिटांवर आहे, पण गजबजलेल्या बाजारातून. दुपारी थकलेल्या गटाला तिकडून नेऊ नका. बस सलीबा रस्त्यावर आत घुसत नाही, तिला सुलतान हसनपाशीच उभी ठेवा आणि गुडघेवाल्या दोघांना इब्न तुलूनच्या दारातून टॅक्सीने तिथवर पाठवा.